टाकीच्या खड्ड्यातलं जनावर

पॅरिस,
६ मार्च १९८८

चि. बेल्मिरोस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

नाताळानंतर तुझं एका ओळीचंही पत्र नाही. रोज सकाळी या इमारतीच्या पाचही मजल्यांचं टपाल मी दारोदार पोचवते आणि माझ्या वाट्याला येतं ते विजेचं बिल. गावच्या कॅफेत फोन करून उपयोग नाही. तुला शेतातून बोलावून आणेपर्यंत निम्मं कझाल दो कोर्वो काउंटरला कान लावून उभं राहतं, आणि मग जे विचारायचं ते राहूनच जातं. तेव्हा पत्रच लिही आणि खरं लिही.

तुझ्या भाऊजींचा, आदेरितोचा, खोकला या थंडीत फार वाढला. इतकी वर्षं फ्रेंच लोकांच्या छतांना गिलावा केला, ती सगळी धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली आहे. फेब्रुवारीत मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ब्राँकायटिस आहे म्हणाले, समुद्राची हवा मानवेल म्हणाले. काम सुटल्यापासून तो माझ्या तळमजल्याच्या खोलीत खिडकीशी बसतो, मग उठतो, नळ गळत नाही ना बघतो, पुन्हा बसतो. त्याला बघून मलाही धड बसवत नाही, विनाकारण जिने दुसऱ्यांदा पुसून काढते. म्हणून या ऑगस्टात आम्ही सुट्टीला येणार नाही, कायमचे येणार आहोत. पंधरा तारखेला, मातेच्या सणाला, माझ्या स्वयंपाकघरात मला माझी चूल पेटवायची आहे.

घराच्या भिंती झाल्या, छत झालं, फरशा झाल्या. राहिली एक संडासाची टाकी. एवढा खड्डा खणायला तुला आणि झेफेरिनो गवंड्याला किती महिने लागतात रे? कड्यावरची माती ती, लहानपणी आपण चमच्याने उकरत होतो. टाकी झाली की वरच्या मजल्यावर नातवंडांसाठी, नातालियाच्या मुलांसाठी, एक खोली वाढवायची आहे, तेही झेफेरिनोच्या कानावर घाल. आणि समुद्राकडच्या गॅलरीला गोल खांब. फाटकावर बसवायच्या सिंहांचा झेफेरिनोने पाठवलेला फोटो मिळाला. दोघंही जांभई देताहेत. तोंड मिटलेले मिळतात का बघ.

कुश्तोदियाला आणि मुलींना आशीर्वाद. लोभ आहेच, खड्डा झाला की वाढेल.

तुझी ताई,
इदालिना


कझाल दो कोर्वो,
२७ मार्च १९८८

ती. इदालिनाताईस,
बेल्मिरोचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना कुणी कान धरल्यासारखं झालं. चूक झाली, कबूल. भाऊजींच्या तब्येतीचं वाचून काळजी वाटते. त्यांना मधात थोडी आपल्याकडची ब्रँडी घालून देत जा. डॉक्टरांना विचारू नकोस, नुसती दे.

टाकीचं म्हणशील तर खड्डा अर्ध्यावर आला आहे. पुढे सरकत नाही त्याला कारणं आहेत. महिनाभर पाऊस होता. झेफेरिनोची कंबर धरली आहे. माझी बटाट्याची लावणी चालू आहे. शिवाय माझ्या मनात असं येतं, की टाकी समुद्राच्या बाजूला न करता दुसऱ्या बाजूला केली तर? दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याची विहीर आहे हे मला ठाऊक आहे. तरी आपलं विचारलं.

एक काम होतं. तिकडून ईस्टरनंतर कुणी येणार असेल तर मऊ केसांचे ब्रश पाठव, रुंद आणि अरुंद, दोन्ही. दारं रंगवायची आहेत. आणि तुमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात म्हणाली होतीस ना? त्यांच्याकडे दात कोरायची जुनी हत्यारं टाकून द्यायची असतील तर तीही मागून घे. सहज.

सिंहांबद्दल चौकशी करतो. भाऊजींना सा. न. रागावू नये, आणि रागावलीस तरी ब्रश पाठवावेत.

तुझा,
बेल्मिरो


पॅरिस,
१७ एप्रिल १९८८

चि. बेल्मिरोस,
आशीर्वाद, पण आखडत्या हाताने.

दारं रंगवायला दातांच्या डॉक्टरची हत्यारं लागतात हे मला नव्यानेच कळलं. आदेरितोला वाचून दाखवलं तर त्याला इतकं हसू आलं की पुढे खोकला आवरेना, त्याचंही पाप तुझ्याच माथी.

आता ऐक. परवा गावातून शेजारच्या दिओलिंदाने मला इथे फोन केला. ती उगाच फोनवर खर्च करणारी बाई नाही. म्हणाली, तुझ्या जागेवर एक पँट घातलेली तरुण बाई रोज येते. बेल्मिरो तिच्यासाठी दुपारी झाकलेल्या भांड्यातून जेवण नेतो. ऊन झालं तर तिच्यावर छत्री धरतो. आणि दोघं त्या खड्ड्यात शेजारी शेजारी पालथी पडून असतात, तासन्‌तास, एक शब्द न बोलता. गावाने काय समजायचं ते समजून घेतलं आहे म्हणे. कुश्तोदियाला विचारलं तर ती म्हणाली, त्याला तिथे सुख वाटतं तर पडू दे.

बेल्मिरो, तुझ्या डोक्यावर केस किती उरलेत ते आरशात बघ. दोन मुली लग्नाला आल्या. आपल्या आईने तुला माझ्या ओटीत घालून डोळे मिटले, ते हे दिवस दाखवायला? मला शांत झोप नाही. जिन्यात असले की वाटतं खोलीत फोन वाजतोय, खोलीत असले की वाटतं कुणी दार ठोठावतंय. जे असेल ते सरळ लिही. बाई असेल तर बाई लिही. आणि ती बाई माझ्या संडासाच्या टाकीत काय करते तेही लिही.

उलट टपाली उत्तर यावं. नाही आलं तर उत्तर घ्यायला मीच येईन.

इदालिना


कझाल दो कोर्वो,
२ मे १९८८

ती. ताईस,
बेल्मिरोचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी घरी मोठ्याने वाचलं. कुश्तोदियाला हसता हसता उचकी लागली. ते जेवण तीच शिजवते, त्या बाईला तीच वाढून पाठवते, आणि बाई फार हडकुळी आहे म्हणून त्यात सॉसेजचे दोन तुकडे जास्त घालते. बाईचं नाव ग्रासा. लोरिन्याच्या संग्रहालयात काम करते. मी तिला आमच्या घरात मिरवून आणली आहे, लपवून नाही. आता दिओलिंदाला फोन करून हे सांग, तुझ्या खर्चाने.

खरं लिहितो. फेब्रुवारीच्या अखेरीस झेफेरिनोचा टिकाव एका काळ्या दगडावर आपटला. दगड फुटला आणि आतून दात निघाला. ताई, माझ्या तळहातापेक्षा लांब दात. मागे वळलेला, आणि कडेला पाव कापायच्या सुरीसारखे बारीक दाते, अजून बोटाला लागतील असे. झेफेरिनो म्हणाला, कुणी बघायच्या आत वर सिमेंट ओतून टाकू. इथे सगळे असंच करतात, कारण हाडं निघाली की संग्रहालयाची माणसं येतात आणि काम थांबतं. मीही आजवर हेच म्हणत आलो. ओत, असं म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणवलंच नाही. दुसऱ्या दिवशी सायकल काढून लोरिन्याला गेलो.

ग्रासा म्हणते, डायनासोर आहे, जुरासिक काळाच्या अखेरचा, मांस खाणारा, आणि आपल्या किनाऱ्यावर मिळालेल्या जनावरांत फार मोठा. नुसता खालचा जबडा आपल्या जेवणाच्या टेबलाएवढा. तेव्हा इथे कडाही नव्हता म्हणे, सपाट मुलूख, नद्या, आणि हा त्यातून फिरायचा, दुसऱ्याचं जेवण व्हायची भीती नाही असा. जबडा, एक पंजा आणि बरगड्या टाकीच्या खड्ड्यात आहेत. पाठ मात्र सापडत नाही. पाठीचा एकच मणका मिळाला, बाकीचे असायला हवेत ते घराच्या बाजूला, आणि तिथली माती तर आपण पाया खणताना आधीच काढलेली. ग्रासाने मला कागदावर काढून दाखवलं, मणका दोऱ्याच्या रिळासारखा असतो, मध्ये बारीक, दोन्ही तोंडांना वाटीसारखा खोलगट, पण आकार मक्याच्या पावाएवढा. ती म्हणते, पाठ बहुतेक जुन्या काळीच वाहून गेली असेल. सांगताना तिचा चेहरा एवढासा झाला.

मी रोज सकाळी शेताकडे म्हणून निघतो आणि पाय खड्ड्याकडे वळतात. बटाट्यांत गवत माजलं आहे. जेवताना माझं लक्ष नसतं असं मुली म्हणतात. पण ताई, ब्रशने माती सारता सारता एक हाड हळूहळू उघडं पडतं, आणि ते बघणारा मी जगातला पहिला माणूस असतो. मला आयुष्यात कुठल्याच गोष्टीत पहिला नंबर मिळाला नव्हता.

मागणं असं. हा उन्हाळा ग्रासाला दे. पावसाआधी हे काढलं नाही तर उघडी माती चिखल होऊन कड्यावरून समुद्रात जाईल. टाकी त्यानंतर करू. म्हणजे ऑगस्टात तुम्हाला त्या घरात राहता येणार नाही, आमच्याकडे राहावं लागेल. जागा तुझ्या वाटणीची आहे, तू हो म्हटल्याशिवाय ग्रासा पुढे खणणार नाही.

हो म्हणावं. इतकं मोठं काही मी तुझ्याकडे आजवर मागितलेलं नाही.

तुझा,
बेल्मिरो


पॅरिस,
१५ मे १९८८

चि. बेल्मिरोस,
अनेक आशीर्वाद.

बाई नाही हे वाचून जीव भांड्यात पडला, आणि पुढचं वाचून पुन्हा वर आला. उत्तर नाही असं आहे.

मी इथे दुसऱ्यांचे जिने पुसत आले, दुसऱ्यांच्या मुलांना शाळेतून आणलं, मादामांच्या कुत्र्यांना फिरवलं, ते एका घरासाठी. आदेरितो दर ऑगस्टात सगळे विश्रांती घेत असताना त्या घराची एकेक भिंत उभी करत होता. ते स्वयंपाकघर त्याने एकट्याने बांधलं. माझ्या निळ्या फरशा मी बसमध्ये मांडीवर घेऊन आले, दोन देश ओलांडून, कारण खाली ठेवल्या असत्या तर फुटल्या असत्या. आणि आता तू म्हणतोस, एक मेलेलं जनावर आहे, त्याला जागा हवी, तुम्ही थांबा.

ते किती काळ मेलेलं आहे? पंधरा कोटी वर्षं, असं नातालियाने तिच्या मुलाच्या पुस्तकात बघून सांगितलं. मग त्याला घाई नाही. आदेरितोला आहे. रात्रभर तो उशीला टेकून बसतो, पहाटे थोडा डोळा लागतो. मी त्याला आणखी एक हिवाळा या खोलीत ठेवणार नाही, आणि तुझ्याकडे पाहुणा म्हणून तर मुळीच नाही. माणसाने आपल्या घरात यावं.

खड्डा सिमेंटने बांधून घे, जनावर आत राहील, त्याचं काही बिघडत नाही. ग्रासाबाईंना माझ्याकडून क्षमा माग. मला तुझं मन मोडताना वाईट वाटतं, हे लिहिताना दोनदा उठून गेले. पण मातेच्या सणाला चूल पेटलीच पाहिजे.

लोभात कमी नाही, ऐकण्यात तूही कमी करू नयेस.

तुझी ताई,
इदालिना


पॅरिस,
१९ मे १९८८

प्रिय बेल्मिरो,
मला पत्रं लिहायची सवय नाही, तेव्हा नमस्कार, वि. वि. वगैरे तू मनातच वाच.

तुझ्या ताईचं पत्र मीच पेटीत टाकून आलो. तुझं पत्रही मी वाचलं, तिने दाखवलं त्याच्या आधी एकदा आणि नंतर चार वेळा. ती बाजारात गेली आहे तोवर लिहितो.

ग्रासाबाईंना सांग, पाठ कुठे वाहून गेलेली नाही. ती स्वयंपाकघराखाली आहे. मी पाया खणला त्या ऑगस्टात मातीतून असले काळे, जड दगड निघाले होते, सगळे एका मापाचे, मध्ये बारीक, तोंडाला खोलगट. जोत्याच्या भरीला याहून चांगला दगड मी कधी पाहिला नव्हता. मी देवाचे आभार मानले. फेकायचं कशाला म्हणून एका खोलगट तोंडावर उभे करून ओळीने बसवले, फटीत खडी ठोकली, वर कोबा केला आणि त्यावर इदालिनाच्या फरशा. गिलाव्यात माझ्या हाताला कधी कुणी नाव ठेवलं नाही, आणि जनावराच्या पाठीचं मी फरशीखालचं सोलिंग केलं. तू हसशील. मी पहिल्या वाचनाला हसलो, मग हसू येईना.

मी पुढच्या शुक्रवारच्या बसने येतो. तिला सांगितलं आहे की खड्डा माझ्यासमोर बुजवून घ्यायला जातो. तिला इथलं काम टाकून निघता येत नाही. मी खोटं बोललो हे मला आवडलेलं नाही, पण या खिडकीशी आणखी बसलो तर मी कुणालाच आवडणार नाही.

छिन्नी नवी घेऊन ठेव. हातोडा माझा तिथे आहे.

आदेरितो


कझाल दो कोर्वो,
१९ जून १९८८

ती. ताईस,
बेल्मिरोचा शि. सा. न. वि. वि.

आधी शपथेवर सांगतो, मी काही केलं नाही. मी हातात छिन्नीसुद्धा धरली नव्हती. भाऊजींनी स्वयंपाकघर फोडलं.

तुझ्या निळ्या फरशा त्यांनी आधी सुट्या करून काढल्या. एकेक. एक तडकली, ती त्यांनी मला न दाखवता खिशात घातली. मग कोबा फोडला आणि खाली ते मणके, जसे त्यांनी बसवले होते तसेच ओळीने. ग्रासा गुडघ्यांवर बसली आणि रडायला लागली. भाऊजी बाजूला उभे होते, टोपी हातात घेऊन, चर्चमध्ये उभे असावेत तसे. मी तुझं नाव काढलं तर म्हणाले, तिला मी लिहितो, तू मध्ये पडू नकोस. म्हणून मी मध्ये पडलेला नाही, फक्त कळवतो आहे.

खोकला आहे. पण जेवतात. काल भाजलेल्या तारल्या मोजून नव्हे, ताट रिकामं होईस्तोवर खाल्ल्या. दुपारी अंजिराच्या झाडाखाली आडवे होतात आणि खरंच झोपतात.

मला काय शिव्या द्यायच्या त्या दे, भाऊजींना पत्रातून ओरडू नकोस. लोभ ठेवशील अशी आशा आहे, खात्री नाही.

तुझा,
बेल्मिरो


कझाल दो कोर्वो,
७ ऑगस्ट १९८८

प्रिय इदालिना,

तुझी तीन पत्रं आली. तिन्ही बेल्मिरोच्या नावावर, माझ्या नावाचं एकही नाही. तुझा राग मला कळतो. फरशा सगळ्या नीट आहेत, एक सोडून. ती मी सांधली आहे. दाखवली नाही तर कळणार नाही, पण दाखवीन.

इथलं सांगतो. हाडं उचलायची तर त्यांना आधी प्लास्टरचं कवच चढवावं लागतं. ग्रासाबाईंनी पद्धत समजावली. आधी ओला कागद, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. म्हटलं, हे तर माझंच काम. जबड्याचं कवच मी एकट्याने केलं. हात थांबेचना. वरून सफाई दिली, थापीने आरशासारखं केलं, आणि कडेने छताला काढतो तसा कंगोरा फिरवला, दुहेरी. मागे होऊन बघितलं तेव्हा लक्षात आलं काय करून बसलो ते. ग्रासाबाई म्हणाल्या, हे संग्रहालयात नेऊन करवतीने कापून फेकायचं असतं, खडबडीत असलं तरी चालतं, आणि माझं तर इतकं जाड झालंय की आता चार माणसं जास्त लागतील. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मीही हसलो. गावातले लोक बघायला येतात. म्हणतात, असली शवपेटी बिशपलाही मिळाली नव्हती.

त्या जनावराची एक बरगडी मोडून पुन्हा जुळली आहे. जुळलेल्या जागी गाठ आहे, बोट फिरवलं की कळते. ग्रासाबाई म्हणतात, मोडल्यावरही ते बराच काळ शिकार करत हिंडलं असणार, कारण मांस खाणाऱ्याला बसून चालत नाही, बसलं की उपाशी मेलं. मी त्या गाठीवर रोज हात ठेवतो. माझा त्याच्यावर जीव जडला आहे. तुला वेडेपणा वाटेल.

आता जे लिहायचं ते लिहितो. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तुला बाहेर नेऊन सांगितलं ते मी ऐकलं. तुला वाटतं मला फ्रेंच वाळू-सिमेंटपुरतंच येतं. ब्राँकायटिस नाही हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. तू लपवलंस, मग मीही मला ठाऊक असल्याचं लपवलं. दोघं एका खोलीत राहून एकमेकांना फसवत बसलो.

आणि घराचं. एक टाकी सोडली तर ते घर पाच वर्षांपूर्वी राहण्याजोगं झालं होतं, इदालिना. तेव्हा तू वरच्या मजल्याचं काम काढलंस. मजला झाला तर जिना मोठा करायला लावलास. मग गॅलरी, खांब, सिंह. ती वरची खोली कुणासाठी? नातालियाने आपल्याला तोंडावर सांगितलं आहे की ती फ्रान्स सोडणार नाही. मला वाटायचं तुला पॅरिस सोडवत नाही, गावात मन लागणार नाही, म्हणून तू घर पुरं होऊ देत नाहीस. मी कधी बोललो नाही. आता बोलतो, कारण मला थांबायला वेळ नाही.

मी परत येणार नाही. हे भांडण म्हणून लिहिलेलं नाही. इथे मी बेल्मिरोच्या मागच्या खोलीत झोपतो, खिडकीतून समुद्र ऐकू येतो आणि सकाळी मला कामावर जायचं असतं. मला तेवढं पुरतं. नाही, पुरत नाही. तू हवी आहेस. पण घर तयार व्हायची वाट बघू नकोस.

आदेरितो


पॅरिस,
१६ ऑगस्ट १९८८

प्रिय आदेरितो,

तुझं पत्र मातेच्या सणाच्या आदल्या दिवशी आलं. सणाला मी चर्चमध्ये गेले नाही. ही इमारत ऑगस्टात रिकामी असते, सगळी समुद्रावर गेलेली. मी पाचव्या मजल्यापर्यंत चढले आणि उतरले, पुन्हा चढले. हातात बादली नव्हती की टपाल नव्हतं.

आधी रागाचं. ते स्वयंपाकघर फोडण्याआधी तू मला विचारायला हवं होतंस. मी नाहीच म्हणाले असते, तरी विचारायला हवं होतंस. आणि बेल्मिरोला मी त्या तीन पत्रांत जे लिहिलं ते त्याने तुला वाचून दाखवलं असेल तर मला लाज वाटते, आणि नसेल दाखवलं तर त्याने माझी लाज राखली.

आता तुझ्या म्हणण्याचं उत्तर. तू अर्धं बरोबर लिहिलंस. घर मीच पुरं होऊ देत नव्हते. आधी त्यात पॅरिस होतं, खोटं कशाला बोलू, नातालिया होती, तिची मुलं होती. पण गेल्या वर्षी तुला पहिल्यांदा धाप लागली, त्या वाळूच्या हातगाडीपाशी तू खाली बसलास, तेव्हापासून कारण दुसरं होतं. मी मनाशी धरून बसले होते की घर पुरं होत नाही तोवर तुला काही होणार नाही. इतकं बांधून झालेलं घर न बघता देव तुला कसा नेईल? म्हणून एक झालं की मी दुसरं काढत होते. डॉक्टर मला बाहेर घेऊन गेले, बोलले, आणि मी जिना उतरता उतरता खांब गोल घ्यायचे ठरवले. वर खोली घ्यायची ठरवली. माझ्या आत काय चाललंय ते तुला सांगता येत नव्हतं, म्हणून झेफेरिनोला काम सांगत होते.

आणि त्याच वेळी ऑगस्टापर्यंत टाकी झालीच पाहिजे म्हणून बेल्मिरोच्या मागे लागले होते. मला तुला घरी न्यायचं होतं आणि घर पुरंही होऊ द्यायचं नव्हतं. दोन्ही एकदम हवं होतं. आता लिहिताना माझं मलाच कळत नाही की यात डोकं कुठे होतं.

आज इमारतीच्या व्यवस्थापकाला कळवलं. किल्ल्या मी चौथ्या मजल्यावरच्या म्हातारीकडे ठेवते, तीच एक घरी आहे. तिला कारण सांगितलं तर तिने मला धरून ठेवलं, इतकी वर्षं ती माझ्याशी फक्त कुत्र्याबद्दल बोलत होती. मी पुढच्या शनिवारच्या बसने निघते. नातालिया आणि मुलं सप्टेंबरात मागून येतील, तुला आणि त्या जनावराला बघायला. नातवाने विचारलं आहे, आजोबा त्याला हात लावू देतील का. मी हो सांगून टाकलं.

बेल्मिरोच्या मागच्या खोलीत दुसरी उशी ठेवायला सांग. कुश्तोदियाच्या स्वयंपाकघरात मी तिला आडवी जाणार नाही, बटाटे सोलीन. ग्रासाबाईंना म्हणावं, उन्हाळा तुमचाच आहे, हवं तेवढं खणा, वाटणीची मालकीण हो म्हणते आहे.

फक्त एक ऐक. जनावर निघून लोरिन्याला गेलं की झेफेरिनो लगेच माझ्या फरशा परत बसवायला येईल, मी त्याला ओळखते. त्याला येऊ देऊ नकोस. बटाटे काढायला पाठव, काहीही कर. खालची माती तशीच उघडी राहू दे, मी फळ्या टाकून त्यावरून चालेन. रोज सकाळी उठून मला दिसू दे, की आपल्या घराचं अजून पुष्कळ बाकी आहे.

कळावे असं शेवटी लिहायचं असतं. तुला तर सगळं आधीच कळलेलं असतं.

तुझी, निघालेली,
इदालिना